रुग्णालयाची खाट आणि रस्त्याचा हिशेब

१

वस्तीत नवे रुग्णालय उभे राहणार अशी वार्ता कानी आली, म्हणजे तिचे स्वागत आणि तिच्याविषयीची कुरकुर ही दोन्ही एकाच आळीत, आणि पुष्कळदा एकाच घरात, सारख्याच प्रामाणिकपणे व्यक्त होतात. म्हाताऱ्या आईला आता दूर न्यावे लागणार नाही म्हणून जो गृहस्थ सकाळी समाधान मानतो, तोच सायंकाळी सज्जात उभा राहून, आधीच तुंबलेल्या या रस्त्यावर आणखी किती गाड्या येऊन थांबणार, असा सवाल शेजाऱ्याला करतो. आणि या दोन भावनांत विसंगती आहे असे मानण्याचे मुळीच कारण नाही. रुग्णालयाचा उपयोग साऱ्या शहराला होतो आणि त्याच्या रहदारीचा उपद्रव भोवतालच्या चार गल्ल्यांना सोसावा लागतो. ही वाटणी विषम आहे, ती कितपत विषम होईल हे आधी अजमावावे आणि त्याची काही तजवीज करावी, एवढ्याचसाठी ज्याला शासकीय परिभाषेत ‘वाहतूक परिणाम मूल्यमापन’ म्हणतात तो खटाटोप जन्मास आला.

हा खटाटोप कोणत्या रीतीने चालतो, त्याची मापे कोठून आली, परदेशांत त्या मापांविषयी कोणता पुनर्विचार झाला, आपल्या नियमांत त्यांना कोणते स्थान आहे, आणि रुग्णालय या विशिष्ट संस्थेला ती लावली असता कोठे तोकडी पडतात, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे. विवेचन हवेत राहू नये यास्तव मुंबईच्या परळ भागाचे उदाहरण आरंभीच घेतो.

२

परळ येथे या प्रश्नाचा सारा इतिहास मैलभराच्या परिसरात वाचावयास मिळतो. १८९९ साली तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा आली, तीच पुढे हाफकिन संस्था झाली. १९२६ साली केईएम रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न असे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय तेथे नांदू लागले. त्याच दशकात वाडिया घराण्याच्या औदार्यातून प्रसूतिगृह आणि बालरुग्णालय उभे राहिले. आणि १९४१ च्या फेब्रुवारीत टाटा स्मारक रुग्णालयाची दारे उघडली. भोवतालचा मुलूख गिरण्यांचा होता. चाळीतून गिरणीत पायी जाणारा कामगार गिरणीतून दवाखान्यातही पायीच जाई, आणि ज्याला चालवत नसे त्याच्यासाठी ट्राम होती, जी १९६४ च्या मार्चअखेर बंद होईपर्यंत दादरपर्यंत धावत असे. त्या काळी या संस्थांमुळे किती वर्दळ वाढेल याची पूर्वमोजणी करण्याचे शास्त्रच जन्मले नव्हते, आणि ती मोजणी नसल्याने कोणाचे फारसे अडलेही नाही.

पुढे दोन गोष्टी पालटल्या. टाटा रुग्णालयाची कीर्ती देशभर पसरली आणि बिहार, बंगाल, ईशान्येकडील राज्ये येथून आलेली कुटुंबे महिनोन्‌महिने परळ-दादरच्या आसऱ्याने राहू लागली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांच्याच निवाऱ्यासाठी आहे, आणि जेथे तीही अपुरी पडते तेथे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव धारण करणाऱ्या रस्त्याचा पदपथ हेच अनेकांचे बिऱ्हाड होते. दुसरी गोष्ट अशी की गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि ज्या अरुंद पुलांवरून पूर्वी पाळीपाळीने कामगार जात त्यांच्यावरून आता एकाच वेळी सारा नोकरवर्ग जाऊ लागला. याचा शेवट २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर झाला, तेव्हा चेंगराचेंगरीत २३ माणसे प्राणास मुकली. त्या पुलावर एकही वाहन नव्हते. रस्त्यांची क्षमता मोजणाऱ्याच्या तक्त्यात त्या सकाळची गर्दी शून्य भरली असती. परळने शिकविलेला हा पहिला धडा होय, आणि पुढील विवेचनात तो पुन्हा पुन्हा आठवावा लागेल. दुसरा धडा अगदी अलीकडचा आहे. वरळी-शिवडी उन्नत मार्गाच्या कामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना वाहतूक पूल बंद करण्यात आला, तेव्हा पश्चिमेकडून केईएम व टाटा येथे येणाऱ्या रुग्णांचे कसे होणार हा प्रश्न लागलीच ऐरणीवर आला. रुग्णालयाचा रस्त्यावर परिणाम होतो तसा रस्त्याचाही रुग्णालयावर होतो. परंतु मूल्यमापनाच्या नेहमीच्या रीतीत या दुसऱ्या दिशेचे खाते बहुधा कोरेच असते.

३

आता ती नेहमीची रीत पाहू. आपल्याकडे रस्त्यांचा विचार संघटितपणे सुरू झाला त्यास एका मराठी कायदेपंडिताचा हात लागलेला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली जी रस्तेविकास समिती नेमण्यात आली तिने दुसऱ्याच वर्षी अहवाल दिला. त्यातून १९२९ चा रस्तेनिधी निघाला, आणि १९३४ च्या डिसेंबरात ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, जिची प्रमाणके आजही प्रत्येक सल्लागाराच्या मेजावर असतात.

रुग्णालयाचा प्रस्ताव आला की प्रथम त्याच्या प्रभावक्षेत्राची हद्द मुकर्रर करतात. मग त्या हद्दीतील चौकांवर माणसे किंवा कॅमेरे बसवून, कोणत्या दिशेने कोणत्या प्रकारचे वाहन किती संख्येने गेले आणि कोठे वळले याची मोजदाद करतात. सायकल आणि ट्रक यांची सरळ बेरीज करता येत नसल्यामुळे प्रत्येक वाहनाला मोटारगाडीच्या मापात, म्हणजे ‘पीसीयू’मध्ये, उतरवावे लागते. शहरी रस्त्यांसाठी १९९० साली निघालेल्या प्रमाणकानुसार मोटार म्हणजे १, दुचाकी ०.५ ते ०.७५, ऑटोरिक्षा १.२ ते २, आणि बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, एकूण रहदारीत त्या वाहनाचा वाटा जितका मोठा, तितका त्याचा भारांक चढा. दुभाजक असलेला चौपदरी प्रमुख मार्ग ताशी ३,६०० पीसीयू वाहून नेऊ शकतो आणि दुभाजक नसलेला दुपदरी प्रमुख मार्ग १,५००, असे तेच प्रमाणक धरून चालते. अस्तित्वात असलेल्या रहदारीला काही वर्षांची वाढ लावायची, तीत रुग्णालयामुळे नव्याने निर्माण होणाऱ्या फेऱ्या मिळवायच्या, त्या निरनिराळ्या रस्त्यांवर वाटून द्यायच्या, बेरजेला क्षमतेने भागायचे, आणि भागाकार एकाच्या जवळ सरकला तर चौकाची सुधारणा, सिग्नलची फेरमांडणी किंवा प्रवेशद्वाराचे स्थलांतर यांपैकी काही उपाय सुचवायचे, असा हा एकंदर क्रम आहे.

या क्रमात सारी भिस्त ज्या एका पायरीवर आहे ती म्हणजे फेऱ्यांचे अनुमान. अमेरिकेतील वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने १९७६ साली आपली मार्गदर्शिका प्रथम प्रसिद्ध केली; तीत घर, दुकान, शाळा, रुग्णालय अशा प्रत्येक उपयोगासाठी, पूर्वी मोजलेल्या स्थळांवरून, क्षेत्रफळामागे किंवा खाटेमागे किती फेऱ्या होतात याचे दर दिलेले असतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली दक्षिणेकडील सहा परगण्यांच्या प्रशासनांनी ‘ट्रिक्स’ या नावाने असाच संग्रह सुरू केला. रस्त्याच्या स्थितीला ‘अ’पासून ‘फ’पर्यंत सहा प्रती देण्याची पद्धत मात्र याहून जुनी, ती १९६५ च्या अमेरिकी क्षमता-ग्रंथातून आली.

याच सुमारास ब्रिटनमध्ये जो अहवाल गाजला त्याचा उल्लेख टाळता येत नाही. कॉलिन बुकॅनन यांनी १९६३ साली ‘ट्रॅफिक इन टाउन्स’मध्ये शहराला इमारतीची उपमा दिली आणि त्या इमारतीचा नमुना म्हणून नेमके रुग्णालयच निवडले. रुग्णालयात रुग्ण, अन्न, औषधे, उपकरणे यांची ये-जा अखंड चालू असते, तरीही ती ओवऱ्यांतून होते आणि एका विभागाकडे निघालेली गाडी दुसऱ्या विभागातील रुग्णांच्या खाटांमधून कोणी ढकलीत नेत नाही. शहरानेही तसेच असावे, वस्त्या म्हणजे खोल्या आणि मोठे रस्ते म्हणजे ओवऱ्या, हा त्यांचा सिद्धान्त. ज्या संस्थेच्या अंतर्गत शिस्तीवरून शहराने धडा घ्यावा असे त्या द्रष्ट्या नियोजकाला वाटले, तिच्याच दारासमोर ओवरी आणि खोली यांतील भेद सर्वाआधी नाहीसा होतो, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे.

४

याचे कारण शोधू लागलो म्हणजे आपण खाटेपाशी येऊन थांबतो. रुग्णालयाची थोरवी खाटांत सांगण्याचा शिरस्ता आहे: अमुकशे खाटांचे रुग्णालय. अनुदान, कर्मचारी, पार्किंगच्या जागा यांची आकारणी पुष्कळदा खाटांवर होते, आणि फेऱ्यांचे दरही खाटेमागे काढण्याचा मोह त्यामुळे स्वाभाविकच होतो. परंतु खाटेवरचा मनुष्य हा त्या साऱ्या इमारतीतील सर्वांत कमी हलणारा प्राणी आहे. रहदारी असते ती खाटेभोवतीच्या माणसांची, आणि त्याहून अधिक, ज्यांना खाट कधी मिळतच नाही अशांची.

हे केवळ वाक्चातुर्य नव्हे, साध्या बेरजेने ते दाखविता येते. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष रुग्णालयाचे नसून उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. समजा, ३०० खाटांपैकी २४० भरलेल्या आहेत आणि रुग्ण सरासरी चार दिवस राहतो. म्हणजे रोज ६० जण दाखल होतात, ६० घरी जातात, आणि रुग्णांच्या फेऱ्या होतात १२०. प्रत्येक रुग्णाजवळचा सोबती दिवसातून एकदा बदलतो, एक येतो व एक जातो: ४८० फेऱ्या. प्रत्येकाला भेटावयास दोघे येतात: जाऊन-येऊन ९६०. बाह्यरुग्ण विभागात ९०० रुग्ण, प्रत्येकासोबत एक जण: ३,६००. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, कारकून असे ६०० कर्मचारी: १,२००. एकूण ६,३६० फेऱ्यांपैकी खाटेवरच्या रुग्णांच्या फेऱ्या शेकडा दोनांहूनही कमी भरल्या. आता खाटा तेवढ्याच ठेवून बाह्यरुग्णांची संख्या ९०० ऐवजी ३०० धरली तर एकूण बेरीज ३,९६० वर येते. खाटा त्याच, आणि रस्त्यावरचा भार मात्र दीडपटीहून अधिक किंवा तितकाच उणा. मग खाट हे माप रस्त्यासाठी कशाच्या आधारे प्रमाण मानावे?

वैद्यकाची आधुनिक दिशा पाहता हे माप दिवसेंदिवस अधिकच निरुपयोगी ठरणार आहे. ज्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी आठवडा लागे तीत रुग्ण आज सायंकाळी घरी जातो. केमोथेरपी घेणारा खुर्चीवर बसून औषध घेतो आणि परततो. डायलिसिसची केवळ १० यंत्रे तीन पाळ्यांत चालली तर रोज ३० रुग्ण येतात, आणि प्रत्येकासोबत एक माणूस धरला तर त्यांच्या १२० फेऱ्या होतात. वरच्या उदाहरणात ३०० खाटांवरच्या सर्व रुग्णांच्या मिळूनही तितक्याच होत्या. हे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे येत राहतात, आणि खाटांच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसते.

५

फेऱ्यांची संख्या नीट धरली तरी त्या कशाने होतात यावर सारा निकाल अवलंबून असतो. सकाळच्या एका तासात ६०० माणसे बाह्यरुग्ण विभागात पोचावयाची आहेत असे धरा. ती दोघे-दोघे मोटारीने आली तर ३०० मोटारी, म्हणजे ३०० पीसीयू. पुण्या-नाशकासारख्या शहरात ती दोघे-दोघे रिक्षाने आली तर ३०० रिक्षा येतात आणि उतारू सोडून त्याच तासात परतही जातात. ६०० हालचाली आणि चढ्या भारांकाने १,२०० पीसीयू. तीच माणसे बसने आली तर १२ बसगाड्या, आणि सर्वांत चढा भारांक धरूनही सुमारे ४५ पीसीयू. गरीब रुग्णाला रिक्षा लागते ती चैन म्हणून नव्हे. बसच्या थांब्यापासून दारापर्यंतचे अंतर त्याला चालवत नाही म्हणून. तेव्हा बसचा थांबा फाटकाशी आणणे हा एक उपाय चौक रुंद करण्याच्या दहा उपायांहून सरस ठरण्याचा संभव आहे, आणि तो कागदावर क्वचितच अग्रभागी असतो.

रिक्षा-टॅक्सीचा प्रश्न पोर्चपाशी अधिकच बिकट होतो. कुबड्या सावरीत, चाकाच्या खुर्चीची वाट पाहत, भाड्याचे सुटे पैसे मोजत उतरणाऱ्या माणसाला तीन मिनिटे सहज लागतात. ताशी १२० वाहने येत असतील आणि प्रत्येक तीन मिनिटे थांबत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी सहा वाहने पोर्चमध्ये उभी असणार. रांगांचे हे गणित जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध करून दिलेले आहे. पोर्च चारच वाहनांचा असेल तर तो तासाला ८० वाहने मोकळी करील आणि तासाअखेर ४० वाहने बाहेर उरतील. प्रत्येकी सहा मीटर धरले तर रांग २४० मीटरांची. चौकाच्या सिग्नलचा अभ्यास कितीही सूक्ष्म असो, ही शेपटी त्या चौकापर्यंत पोचली म्हणजे तो अभ्यास रद्द समजावा.

पादचाऱ्यांची कैफियत तर निराळीच आहे. सिग्नलची वेळ ठरविताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे सामान्यतः धरतात. त्या हिशेबाने १८ मीटरांचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडता येतो. पायाला प्लास्टर असलेला, किंवा तान्ह्याला कडेवर घेतलेल्या बाळंतिणीचा हात धरून चाललेला मनुष्य त्याच्या निम्म्या गतीने चालला तर त्याला ३० सेकंद लागतील, आणि हिरवा दिवा मावळला तेव्हा तो नेमका रस्त्याच्या मध्यावर असेल. निरोगी माणसाच्या पावलाने रुग्णालयासमोरचा रस्ता मोजणे, याहून ढोबळ चूक या शास्त्रात दुसरी नसावी.

काळाचाही विचार असाच. मोजणीसाठी सुट्टी, सण, पाऊस टाळून सर्वसाधारण कामाचा दिवस निवडावा, हा नियम कचेरीच्या इमारतीला यथायोग्य आहे. परंतु मुंबईतील रुग्णालयांचा सर्वांत गर्दीचा हंगाम म्हणजे पावसाळा; हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण तेव्हाच येतात, आणि परळच्या वाटेवरचे हिंदमाता तेव्हाच पाण्याखाली जाते. जानेवारीच्या कोरड्या मंगळवारी केलेली गणना ऑगस्टच्या सोमवारी, केसपेपरची रांग फाटकाबाहेर आलेली असताना, कोणाच्या उपयोगी पडणार?

शेवटी, जी वाहने थोडी पण अपरिहार्य आहेत त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे त्याची गाडी सणवार न पाहता येतेच. प्राणवायूचा टँकर, धोब्याची गाडी, शववाहिका यांचेही तसेच. आणि फाटकासमोर औषधांची दुकाने, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा, फळांच्या गाड्या, नारळपाणीवाले, लॉज, खानावळी यांची जी रांग दोन-तीन वर्षांत आपोआप वसते, तिचा पत्ता मूळ नकाशात कोठेच नसतो. रुग्णालयाने एक इमारत बांधलेली असते. रस्त्याला मात्र एक पेठ सांभाळावी लागते.

६

आपल्या नियमांची स्थिती काय? १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरीच्या कक्षेत आणले, आणि तिच्या प्रपत्र १-अ मध्ये पार्किंगची टंचाई होईल काय, प्रवेश व निर्गमन यांच्या ठिकाणी रहदारीचे नियोजन काय, अंतर्गत रस्ते व पदपथ कसे आहेत, असे प्रश्न अर्जदारास विचारले आहेत. हे प्रश्न उत्तम आहेत. परंतु त्या मर्यादेखालील रुग्णालयाला ते या वाटेने विचारले जात नाहीत, आणि एखाद्या रस्त्यावर अशी पाच लहान रुग्णालये लागून उभी राहिली तर पाचांच्या बेरजेचा जाब प्रत्येकजण दुसऱ्यावर ढकलू शकतो. याखेरीज स्थानिक संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र असते. या शब्दाकडे किंचित लक्ष द्यावे: हरकत नाही, एवढेच तो सांगतो, काय होणार आणि झाल्यास कोणी निस्तरावे, याविषयी तो मौन पाळतो. त्यात आणखी एक अडचण अशी की ज्याचा प्रकल्प त्याच्याच खर्चाने अहवाल तयार होतो, आणि सल्लागार कितीही सचोटीचा असला तरी ‘येथे रुग्णालय नको’ असा निष्कर्ष काढणारा अहवाल स्वतःच्या पैशाने कोण लिहवून घेणार?

रस्त्यावरील कायदा याहून कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून व्याख्येत स्थानही दिले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिकांचा ताफा सुरू झाला. परंतु वाट देण्याची इच्छा असलेल्या चालकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या असतील तर कायदा त्याच्याकडून काय वसूल करणार? मूल्यमापन चौकातील सरासरी विलंब सांगते. रुग्णवाहिकेला सरासरीशी कर्तव्य नसते, तिला सर्वांत वाईट पाच मिनिटांशी सामना करावा लागतो. ध्वनीच्या बाबतीतही असाच पेच आहे. २००० च्या नियमांनी रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र मानला आणि दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातली. पण कोंडी झाली की भोंगे वाजतातच, आणि रुग्णालयाने ओढून आणलेली रहदारी त्याच्याच रुग्णाची झोप मोडते.

७

या साऱ्यावर, रुग्णालयच शहराबाहेर मोकळ्या जागी न्यावे म्हणजे वाद मिटला, असा तोडगा नेहमी सुचविला जातो. तेथे रस्ते रुंद असतात, चौकाला वरची प्रत मिळते, आणि अहवाल निर्विघ्नपणे मंजूर होतो. नेमक्या याच कारणाने कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला आणि जुलै २०२० पासून, पर्यावरणीय परीक्षणात, मोटारीला किती थांबावे लागले हे माप बाजूस सारून प्रकल्पामुळे एकंदर किती अंतर मोटारी धावतील हे माप स्वीकारले. कारण विलंबाचे माप शहराच्या मध्यातील प्रकल्पाला शिक्षा करी आणि दूरच्या प्रकल्पाला शाबासकी देई. इंग्लंडच्या २०१२ च्या नियोजन धोरणानेही, परिवहनाच्या कारणावरून प्रकल्प नाकारावयाचा तर उपायांनंतर उरणारा एकत्रित परिणाम गंभीर असला पाहिजे, अशी शर्त घातली.

आपल्याकडे नागपूरचे एम्स शहराच्या दक्षिण कडेला मिहानमध्ये गेले, आणि टाटा संस्थेने आपल्या कार्याचा मोठा भाग खारघरला नेला. परळवरील ताण हलका करावयाचा तर असे काही करणे प्राप्तच होते, आणि या निर्णयांना दोष देण्याचा हेतू नाही. मात्र रोजंदारीवरच्या माणसाला एका तपासणीसाठी जो जास्तीचा तास आणि जास्तीचे भाडे पडते, ते कोणत्याही चौकाच्या तक्त्यात दिसत नाही. रुग्णालय दूर नेल्याने रहदारी संपते असे नाही. ती लांब होते आणि नजरेआड जाते. स्थलांतर करावयाचेच असेल तर बस किंवा मेट्रो पहिल्या दिवसापासून हवी, इमारत आज आणि वाहन पाच वर्षांनी, अशी व्यवस्था नसावी.

८

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा की या शास्त्राची यंत्रणा वाईट नाही, तिच्या वजनमापांतच दोष आहे. खाटेऐवजी माणसांच्या फेऱ्या मोजाव्यात, आणि त्यांत सोबती, भेटावयास येणारे व पाळीचे कर्मचारी यांची खाती स्वतंत्र ठेवावीत. दर परदेशी ग्रंथांतून उचलण्याऐवजी आपल्याच शहरातील चालू रुग्णालयांच्या फाटकांवर उभे राहून काढावेत. पोर्च, पदपथ आणि रस्ता ओलांडण्याची जागा यांना चौकाइतकेच महत्त्व द्यावे. बाह्यरुग्ण विभागाची वेळ, पाळी बदलण्याची वेळ आणि भेटीची वेळ एकावर एक येणार नाहीत अशी घडी बसवावी, ज्यास फारसा पैसा लागत नाही. आणि नातेवाइकांच्या निवासाची सोय ही धर्मादायाची बाब न समजता रहदारीचीही बाब समजावी, कारण आवारात झोपलेला सोबती सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्या वाचवितो. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या करुणेपोटी. पण त्यांचा हा जमाखर्च वाहतूक अभियंत्यालाही मान्य व्हावा असाच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की अहवाल हा मंजुरीचा दाखला न राहता कबुलायत झाला पाहिजे. आज तो मंजुरीच्या फायलीत जातो, इमारत उभी राहते, आणि पुढे त्याचे अनुमान खरे ठरले की खोटे हे पाहण्यासाठी ती फाईल कोणी उघडण्याची सक्ती क्वचितच असते. शास्त्र म्हणविणाऱ्या व्यवहारात आपले भाकीत तपासून न पाहण्याची एवढी मुभा अन्यत्र सापडणार नाही. रुग्णालय सुरू होऊन एक वर्ष लोटल्यावर, पावसाळ्यातील एखाद्या सोमवारी सकाळी दहा वाजता, अहवाल लिहिणारा सल्लागार, तो मंजूर करणारा अधिकारी आणि वस्तीतील दोन रहिवासी यांनी तोच अहवाल हातात घेऊन फाटकाशी तासभर उभे राहावे. किती माणसे आली, कशाने आली, पोर्चची रांग कोठवर गेली, आणि डबा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला किती वेळ थांबावे लागले, एवढे चार आकडे मूळ आकड्यांशेजारी लिहावेत, आणि तफावतीची भरपाई कोणी करावयाची हे मंजुरीच्या शर्तींत आधीच नमूद असावे. परळच्या वेळी हे करणे शक्य नव्हते. आज जी रुग्णालये नकाशावर आहेत त्यांच्या बाबतीत ते शक्य आहे, आणि त्याला लागणारी सामग्री म्हणाल तर एक छत्री, एक वही आणि एक घड्याळ.